रोझलाइनचं काय करायचं?

सेकंड इयरच्या सुट्टीत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पहिल्यांदा सलग वाचलं आणि रोमिओ मनातून साफ उतरला. रविवारी सकाळी हा गडी रोझलाइनसाठी उसासे टाकतोय, कॅप्युलेटांच्या मेजवानीला जातोय तोही तिलाच बघायला, आणि तिथे ज्युलिएट दिसली की रोझलाइनचा विषय संपला. हे कसलं प्रेम, हे तर आकर्षण, असं म्हणून मी मोकळी झाले. हे वाक्य आमच्या घरात तयारच असायचं. माझ्या मावसबहिणीचं प्रकरण कळलं तेव्हाही तेच निघालं : वयाचा दोष आहे, उतरेल. ते उतरेपर्यंत थांबलं मात्र कोणी नाही. तीन आठवड्यांत तिचं लग्न दुसरीकडे उरकलं.

यंदा नाटक पुन्हा वाचताना सवयीने एक्सेल उघडून वेळा मांडल्या. रविवारी रात्री भेट. सोमवारी लग्न, आणि त्याच दुपारी रोमिओच्या हातून टिबल्ट मरतो. मंगळवारी पहाटे ताटातूट, रात्री ज्युलिएट औषध घेते. गुरुवारी उजाडायच्या आत दोघं मेलेली. दोघं शुद्धीवर असताना एकमेकांशी बोलतात असे प्रवेश फक्त चार. ज्युलिएटला चौदावं वर्षही पूर्ण झालेलं नाही. शेक्सपिअरपुढे आर्थर ब्रूकचं १५६२ सालचं काव्य होतं. त्यात हीच गोष्ट काही महिने चालते आणि मुलगी सोळाच्या आसपास आहे. मुरलेलं प्रेम दाखवायचं असतं तर ते महिने आयते मिळाले होते. त्याने ते मुद्दाम कापले.

म्हणजे उतावळेपणा मान्यच आहे. पण तो एकट्या पोरांचा नाही. मुलगी लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ देत, असं पॅरिसला सांगणारा बाप सोमवारी रात्री तिचं लग्न गुरुवारवर आणतो आणि मंगळवारी ते बुधवारवर ओढतो. रोझलाइनवरून रोमिओला टोमणे मारणारे फ्रायर लॉरेन्स, दोन घराण्यांचं वैर मिटेल या आशेवर त्याच दिवशी लग्न लावून देतात. यांच्या घाईला आपण ‘आकर्षण’ म्हणत नाही, कारण ती मोठ्यांची आहे.

राहिला रोमिओ. रोझलाइनबद्दल तो बोलतो ते सगळं एकट्याचं, विरोधाभासांनी ठासून भरलेलं, कुठल्याही मुलीला चालेल असं. ज्युलिएटशी पहिल्यांदा बोलतो तेव्हा दोघांच्या वाक्यांतून मिळून चौदा ओळींचं सुनीत तयार होतं. (मी मोजल्या.) फरक मला इथे दिसला : समोरून उत्तर येतंय. तेही भोळं नाही. तुझं चुंबन अगदी पुस्तकी आहे, असं ती त्याला चिडवते. सज्जातही तो चंद्राची शपथ घ्यायला लागतो तर ती अडवते, कारण चंद्र रोज बदलतो. हे फार अचानक होतंय हे तिला कळतं आणि ती तसं बोलूनही दाखवते. अर्थात लग्नाचा विषयही तीच काढते.

म्हणून ‘त्यांचं’ प्रेम खरं होतं का, हा प्रश्नच मला आता नीट वाटत नाही. दोघांचं वेगवेगळं विचारायला हवं. हद्दपारी कळल्यावर रोमिओ फ्रायरच्या खोलीत जमिनीवर लोळतो, सुरा काढतो. ज्युलिएट आधी टिबल्टच्या खुन्याला शिव्या देते, मग सावरते आणि नवऱ्याची बाजू घेते. बाप घराबाहेर काढायची धमकी देतो, आई तोंड फिरवते, आणि जिने हा निरोप-व्यवहार चालवला ती दाईसुद्धा ‘पॅरिसशी कर’ म्हणते. त्यानंतर ती घरात कोणालाच विचारत नाही. औषध हातात घेऊन ती शक्यता तपासते : हे विषच असेल तर? तो यायच्या आधी जाग आली तर? तळघरात, हाडांमध्ये, टिबल्टच्या ताज्या प्रेताशेजारी? सगळं दिसत असताना पिते.

रोमिओ पुढे टिकला असता का, माहीत नाही. रोझलाइनची शंका माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला निदान हैदराबाद मिळतं : झोपडपट्टीतली खोली, संशय, मारहाण, निघून जाणं, परत येणं. व्हेरोनातल्या या दोघांना भांडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.