माहितीपत्रकाचे रसग्रहण

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची तर होतेच होते. पण इंग्रजी शाळेच्या माहितीपत्रकाकडे समीक्षकांचे लक्ष कसे गेले नाही, कळत नाही. कल्पनाविलासात ते कुणाला हार जाणारे नव्हे! तळोद्यात पोराला पहिलीत घालण्याची बोलणी सुरू झाली की हे वाङ्मय घरोघर पोचते, आणि मी ते आवडीने वाचतो.

कागद गुळगुळीत. मुखपृष्ठावर टाय लावलेले गोरेपान मूल. (सातपुड्याच्या पायथ्याशी, त्या उन्हात टाय कशाला, असे विचारणारा बाप मागासलेला ठरतो.) आत इमारत आहे, बस आहे, संगणक आहे. नाही एवढेच, की पहिल्या दिवशी बाई पोराशी कोणत्या भाषेत बोलणार!

आता आमचे पोर काही कोरी पाटी घेऊन येत नाही. घरी भिली, नाहीतर पावरी, गुजरी किंवा अहिराणी, बाजारात हिंदी, गुजरातची हद्द जवळ, म्हणून थोडी गुजराती वरकड. अशा या सहा वर्षांच्या बहुभाषा पंडिताला शाळेत घातले, की आठवड्याभरात निरोप येतो, 'याला भाषाच येत नाही हो!'

बरे, बापाला हसावे, तर सरकारचे काय? आदिवासी विकास विभाग स्वतः आश्रमशाळा चालवतो, आणि तोच विभाग फी भरून आदिवासी मुलांना 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळांत धाडतो. खानावळवाल्याने गिऱ्हाइकाला समोरच्या हॉटेलात नेऊन जेवू घालावे, तसलाच प्रकार! फक्त इथे पहिलीतले पोर आईला सोडून परगावी निजते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच सरकारने फर्मावले, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवायला नकोत. म्हणजे एकाला हॉटेल, दुसऱ्याला खानावळ. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो नियम रद्द केला, हे बरे झाले.

वर डोंगरात, नर्मदाकाठी, १९९० च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. त्याही सरकारी नव्हेत. पण तिथे शिकवणारे आसपासच्याच गावांतले, आणि पोराची बोली त्यांना कळते. टायची अडचण कुणाला जाणवल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा माहितीपत्रक हाती आले, तर फीचा तक्ता क्षणभर बाजूला ठेवा आणि बाईंना विचारा, की पोराला तहान लागली, तर ती त्याने कुठल्या भाषेत सांगायची?