सुरी, शिक्का आणि संग्राहक

सुरीचे रसग्रहण करावयास कोणी बसला, तर पुष्कळांना ते चमत्कारिक वाटेल. काव्य, गायन, शिल्प यांच्या पंक्तीस सुरीला पाट मांडण्याची आपल्याकडे चाल नाही. खंडेनवमीस आपण हत्यारे पुजतो, परंतु ती घडविणाराचे नाव विचारीत नाही. अमेरिकेत मात्र हाताने घडविलेल्या सुऱ्यांना संग्राहकांचा मोठा वर्ग लाभला आहे. एकेका सुरीस तेथे हजारो डॉलर मोजले जातात. हा केवळ श्रीमंतांचा षोक म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. कारागिराच्या कलेचा गौरव म्हणजे नेमका कशाचा गौरव, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे, आणि तो आपणांसही टळणारा नाही.

ह्या संग्राहकांच्या जगात रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) ह्याचे नाव अग्रभागी आहे. आरंभी तो व्यापारी जहाजावर खलाशी होता. १९५३ साली न्यूयॉर्क येथील ‘अ‍ॅबरक्रोंबी अँड फिच’ ह्या दुकानी तो बो रँडल ह्या नामांकित कारागिराची सुरी मागावयास गेला. ती मिळण्यास कित्येक महिने लागतील, असे उत्तर मिळाले. तेव्हा एका जुन्या पॅकार्ड मोटारीच्या कमानीचे पोलाद घेऊन त्याने स्वतःच सुरी घडविली, आणि लौकरच त्याच दुकानात त्याच्या सुऱ्या विकावयास आल्या. आमच्याकडील लोहार मोटारीच्या निकामी पाट्यांतून कोयते घडवितात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या कथेत परकेपणा वाटणार नाही. पुढे कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे तो स्थायिक झाला. वाट पाहण्याचा कंटाळा येऊन जो कारागीर झाला, त्याच्या सुरीसाठी गिऱ्हाइके वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली!

त्याच्या कृतीचे मर्म पाहू. पुढील काळात त्याने ऐरणीवर ठोकून पाते घडविण्यापेक्षा, पोलादाच्या पट्टीतून नको तेवढा भाग कापून व घासून काढण्याची रीत पत्करली. ह्या रीतीत हातोड्याच्या घावांची मोहिनी नाही. सारी भिस्त रेषेवर. त्याच्या शिकारी सुरीची पाठ टोकाकडे जाताना हलकेच खाली उतरते. तेणेकरून जनावराचे कातडे सोडविताना टोक आतील आतड्यांत घुसत नाही, आणि टोकामागे पोलाद भरपूर राहिल्याने ते सहसा मोडत नाही. मुठीच्या आत जाणारे पोलाद मागे मागे पातळ होत जाते; त्यामुळे सुरीचा तोल पुढे, बोटांपाशी येतो. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याने विमानांच्या इंजिनांसाठी निघालेले एक पोलाद सुऱ्यांसाठी रूढ केले. त्यात सुमारे चौदा टक्के क्रोमियम व चार टक्के मॉलिब्डेनम असते. ते गंजास दाद देत नाही व धारही टिकविते. नक्षी बहुधा नाही, जडावकाम नाही. डोळ्यांस जी वळणे सुखवितात, ती प्रत्येक हाताच्या वा कामाच्या सोयीतून आलेली आहेत. उपयुक्ततेवर सौंदर्य मागाहून चढविण्याची गरजच पडू नये, ही आमच्या मते त्याची खरी थोरवी.

ही विद्या त्याने झाकून ठेविली नाही. १९७७ साली रिचर्ड बार्नी ह्यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्याने सुरी करण्याची कृती पायरीपायरीने जगापुढे मांडली. आज शेकडो कारागीर त्याच्या घाटाच्या सुऱ्या करतात, आणि त्यांतील काही उत्तम असतात. मग संग्राहक अधिक पैसे मोजतो ते कशासाठी? घाटासाठी नव्हे, कारण घाट सर्वांचा झाला. उरतो तो त्याचा हात, आणि त्या हाताची साक्ष देणारा पात्यावरील शिक्का.

येथेच आमची शंका उभी राहते. लव्हलेसच्या काही सुऱ्यांवर विवस्त्र स्त्रीची आकृती असलेला शिक्का आहे. पाते तेच, मूठ तीच. तथापि हा शिक्का असला की किंमत वाढते. अर्थात खोट्या सुऱ्याही बाजारात आल्या, आणि खऱ्याखोट्याची पारख हा स्वतंत्र व्यवहार होऊन बसला. सही आणि शिक्का यांचे महत्त्व आम्हां वकिलांस कोणी सांगावयास नको. परंतु दस्तऐवजावरील शिक्का व्यवहार सिद्ध करतो, व्यवहाराची योग्यता नव्हे. शिक्क्यावर बोट ठेवून झाकावा आणि मग सुरीकडे पाहावे. तेव्हाही जो तिच्या पाठीच्या उतारावर थबकेल तो रसिक. इतरांनी समभागही घेतले असते तरी चालले असते.

प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. संग्राहक नसता तर असा कारागीर पोट भरू शकला नसता, हे खरे. प्रत्येक वेळी धार लावताना पोलाद थोडे झिजतेच. तेव्हा उत्तम नमुना न वापरता राखणारा माणूस पुढल्या पिढीवर उपकारच करतो, हेही खरे. आपल्याकडे पुण्यास दिनकर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनी घरोघरच्या वस्तू जमविल्या नसत्या, तर कितीतरी सुंदर अडकित्ते मोडीत गेले असते. पक्ष्यांच्या, स्वारांच्या, युगुलांच्या आकारांचे हे अडकित्ते पाहताना आम्हांस मौज वाटते ती ही, की त्यांवर बहुधा शिक्का नाहीच. नाव सांगून फसविण्याची अथवा भुलविण्याची तेथे सोयच नव्हती. संग्राहकाच्या दृष्टीस जे पटले तेवढेच वेचले गेले. अर्थात ह्या निनावीपणाचीही आम्हांस थोरवी गावयाची नाही. ज्याने तो मोर घडविला त्याचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, हा त्याच्यावर झालेला अन्यायच आहे. लव्हलेसच्या बाबतीत नावाने वस्तू झाकली. आपल्या कारागिराच्या बाबतीत वस्तू उरली आणि माणूस पुसला गेला.

म्हणून दोन्हीकडील संग्राहकांस आमचे म्हणणे एकच आहे. कायद्याने तो वस्तूचा मालक असेल. न्यायाने तो विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव कुलुपात घालून स्वस्थ बसावयाचे नसते. शिकणाऱ्या कारागिरास ती सुरी हाती धरू द्यावी, तिचा तोल बोटांस कळू द्यावा. कोणी, कोठे, कशापासून केली याची टिपणे ठेवावी. आणि हयात कारागिराकडून निदान एक सुरी अशी घ्यावी, जिने घरात रोज भाजी चिरली जाईल. आणि आपण? बाजारच्या दिवशी विळी, आदोळी किंवा कोयता विकावयास बसलेल्या लोहाराशी चार आण्यांची घासाघीस करण्यापूर्वी आपण पाते उजेडात धरून पाहावे व त्याला त्याचे नाव विचारावे. गौरवाचा आरंभ तेथूनच होऊ शकेल.