सहकर्तृत्वानंतरचे कर्तृत्व : लेनन आणि मॅकार्टनी

दोघांनी मिळून निर्माण केलेल्या कलाकृतीत कोणाचा वाटा किती, हा प्रश्न समीक्षेला अपरिचित नाही. परंतु ते दोघे विभक्त झाल्यानंतर प्रत्येकाने स्वतंत्रपणे जे निर्माण केले त्याचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच नीट मांडला जातो. बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदातील जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची उत्तरकालीन गीते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. त्यांना येथे 'गीतकर्ते' म्हटले आहे ते हेतुतः. आपल्याकडे गीतकार शब्द लिहितो आणि संगीतकार चाल बांधतो. या दोघांत तशी श्रमविभागणी नव्हती. दोघेही शब्द लिहीत, दोघेही चाली बांधीत आणि दोघेही गात.

त्यांची पहिली भेट ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलमधील वूल्टन येथील चर्चच्या जत्रेत झाली. दोघांपैकी कोणीही गीत रचले तरी ते दोघांच्या नावावर असावयाचे, असे त्यांनी कुमारवयातच ठरविले होते व वाद्यवृंद फुटेपर्यंत हा संकेत पाळला गेला. १९६९ साली लेननने मॉन्ट्रियलमधील हॉटेलात ध्वनिमुद्रित केलेले 'गिव्ह पीस अ चान्स' हे गीत, मॅकार्टनीचा त्यात सहभाग नसताही, प्रथम दोघांच्याच नावावर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लेननने आपण बाहेर पडत असल्याचे सहकाऱ्यांना सांगितले. एप्रिल १९७० मध्ये मॅकार्टनीची फारकत जाहीर झाली. आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनीने भागीदारीच्या विसर्जनासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा दाखल केला.

यानंतरच्या गीतांविषयी एक मत रूढ झाले आहे. लेनन कठोर, बोचरा व शब्दप्रधान. मॅकार्टनी मधुर, प्रसन्न व चालप्रधान. एकाचा कडवटपणा दुसऱ्याच्या माधुर्याने सौम्य होई. फारकतीनंतर एकाजवळ कडू तेवढे उरले आणि दुसऱ्याजवळ गोड. या विचारसरणीस वजाबाकीची समीक्षा म्हणता येईल. संयुक्त कृतीतून एकाचे गुण वजा केले की बाकी उरेल ती दुसऱ्याची एकल कृती, असे तिचे गृहीतक आहे.

हे गृहीतक दोन कारणांनी टिकत नाही. पहिले कारण वस्तुस्थितीचे. १९६८ च्या एकाच ध्वनिमुद्रिकासंचात 'ज्युलिया' हे आईला उद्देशून रचलेले अत्यंत कोमल गीत लेननचे आहे आणि 'हेल्टर स्केल्टर' हे कर्कश, आक्रमक गीत मॅकार्टनीचे. दुसरे कारण कालक्रमाचे. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात दोघेही बहुतांशी वेगवेगळे रचना करीत होते; दोघांची जोडनावे हा तोवर बव्हंशी संकेतच उरला होता. गुणांचे मिश्रण हेच बलस्थान असते, तर उणीव १९७० पूर्वीच जाणवावयास हवी होती. ती तशी जाणवत नाही.

मग १९७० मध्ये नेमके काय संपले? प्रस्तुत लेखकाच्या मते संपला तो पहिला श्रोता. रचना जगापुढे जाण्यापूर्वी ती ऐकणारा, नाकारण्याचा अधिकार असलेला आणि त्याच कसाचा असा श्रोता. मॅकार्टनीने स्वतःच सांगितलेली काही उदाहरणे येथे बोलकी आहेत. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर' या आरंभीच्या गीताची दुसरी ओळ लेननने अमान्य केली व ती बदलली गेली. 'ड्राइव्ह माय कार' या १९६५ च्या गीताचे ध्रुवपद प्रथम सोन्याच्या अंगठ्यांविषयी होते. लेननला ते रुचले नाही आणि गीताची कल्पनाच पालटली. उलट 'हे ज्यूड' मधील एक ओळ मॅकार्टनीला तात्पुरती वाटत होती. लेननने तीच सर्वोत्तम ठरवून राखावयास लावली. नकार व स्वीकार ही दोन्ही येथे समीक्षेचीच कृत्ये आहेत, आणि ती निर्मितीच्या आत घडत होती. मुख्यतः एकानेच रचलेले गीतही या अर्थाने दोघांचे होते.

या नुकसानीला व्यवहाराचीही जोड मिळाली. पूर्वी सुमारे चौदा गीतांच्या ध्वनिमुद्रिकेत दोघांची, आणि पुढे जॉर्ज हॅरिसनचीही, गीते जागेसाठी स्पर्धा करीत. आता प्रत्येकास संपूर्ण ध्वनिमुद्रिका स्वतःच भरावयाची होती. १९७० ते १९८० या काळात मॅकार्टनीने एकट्याने, पत्नी लिंडासह किंवा विंग्ज या नव्या वाद्यवृंदासह अशा दहा ध्वनिमुद्रिका सिद्ध केल्या. निवड सैल झाली, ती केवळ प्रतिभा ओसरल्यामुळे नव्हे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे दोघांचीही एकल कारकीर्द हा त्या गमावलेल्या श्रोत्याचा शोध ठरतो. डिसेंबर १९७० मधील 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड' या ध्वनिमुद्रिकेत लेननने तो नकाराधिकार स्वतःकडेच घेतला. पियानो किंवा गिटार, बास आणि ढोल यांपलीकडे साज जवळजवळ नाही. शब्दांतून अलंकार खरवडून काढलेले आहेत. ही स्वतःवर लादलेली कठोर शिस्त आहे आणि त्या ध्वनिमुद्रिकेचे बळ तिच्यात आहे. मॅकार्टनीच्या बाबतीत हे काम १९७३ मध्ये परिस्थितीने केले. लागोसला निघण्याच्या तोंडावर विंग्जमधील दोघे सोडून गेले, तेथे लुटारूंनी गीतांच्या कच्च्या ध्वनिमुद्रणाच्या फिती नेल्या, आणि उरलेल्या तिघांत 'बँड ऑन द रन' पुरे करावे लागले. ढोलही मॅकार्टनीलाच वाजवावे लागले. त्याच्या या काळातील सर्वांत बांधेसूद कृती अशा अडचणीतून निघावी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लेननजवळ योको ओनो होती, मॅकार्टनीजवळ लिंडा होती. मग श्रोत्याची वाण कोठे होती? उत्तर असे की सहचर असणे आणि विरोधक-श्रोता असणे या भिन्न गोष्टी आहेत. १९७२ चे 'सम टाइम इन न्यू यॉर्क सिटी' हे लेनन व ओनो यांचे संयुक्त काम. त्याचे वेष्टनही वृत्तपत्रासारखे होते. तेथे दोघांची मते एक आहेत, म्हणूनच गीते घोषणांपाशी थांबतात. याच दोघांच्या नोव्हेंबर १९८० मधील 'डबल फँटसी'त मात्र त्याची व तिची गीते बहुधा आळीपाळीने येतात आणि एकमेकांना उत्तरे देतात. १९६७ च्या 'अ डे इन द लाइफ'मध्ये लेननच्या रचनेत मॅकार्टनीचा निराळाच मधला भाग बसविलेला आहे. तेथे एका गीताच्या आत असलेला संवाद येथे गीता-गीतांच्या मध्ये आला आहे. ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची हत्या झाली व हा प्रयोग अपुरा राहिला.

मॅकार्टनीने हा शोध पुढे चालविला. १९८९ च्या 'फ्लॉवर्स इन द डर्ट'मधील चार गीते त्याने एल्व्हिस कॉस्टेलोसह रचली. त्यांपैकी 'यू वाँट हर टू'मध्ये गोड स्वराला दुसरा स्वर तिरकस उत्तर देतो. २००५ च्या 'केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड'च्या वेळी निर्माता नायजेल गॉड्रिच याने काही गीते स्पष्टपणे नाकारली. मॅकार्टनीला प्रथम राग आला, पण त्याने ते मानले. उत्तरकाळातील त्याच्या संयत कृतींत या ध्वनिमुद्रिकेची गणना करावी लागेल.

श्रोता गेला तरी संबोध्य मात्र राहिला, हेही नोंदविले पाहिजे. १९७१ मध्ये मॅकार्टनीच्या 'टू मेनी पीपल'मधील टोमण्यांना लेननने 'हाउ डू यू स्लीप?' या जहरी गीताने उत्तर दिले. १९८२ च्या 'हिअर टुडे'मध्ये मॅकार्टनीने दिवंगत मित्राशी कल्पित संभाषण केले. वैर आणि शोक या दोन्ही प्रसंगी गीत दुसऱ्यालाच ऐकविले जात होते.

या सर्वांचा शेवटचा पुरावा २०२३ चा आहे. लेननने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस घरी मुद्रित केलेले 'नाऊ अँड देन' हे अपुरे गीत, यंत्राच्या साहाय्याने त्याचा आवाज पियानोपासून विलग करून, २ नोव्हेंबर २०२३ रोजी बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. मूळ मुद्रणातील एक संपूर्ण भाग त्यात वगळलेला आहे. या काटछाटीबद्दल काही रसिकांनी नापसंती दर्शविली. मृताच्या रचनेला हात लावावा काय, हा नैतिक प्रश्न खरा आहे, कारण येथे प्रतिवाद करावयास लेनन नव्हता; पूर्वी नकाराला उत्तर मिळत असे. तथापि मॅकार्टनीने येथे जे केले ते आरंभापासून दोघे एकमेकांसाठी करीतच आले होते.

संयुक्त कृतीची वाटणी करीत बसण्यापेक्षा, तिच्यात नाकारण्याचे काम कोण व कसे करीत होता याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल. एकल कृतीस प्रश्न विचारावयाचा तो, दुसऱ्याचे कोणते गुण येथे नाहीत, असा नसून येथे 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता, असा असावा. लेनन-मॅकार्टनी यांच्या बाबतीत तरी यशापयशाची संगती या प्रश्नाने अधिक समाधानकारक लागते. अन्य सहकर्त्यांच्या बाबतीत तो कितपत लागू पडतो, हे अभ्यासकांनी पडताळून पाहावयाचे आहे.