चित्रें सांठविणाऱ्या डेटाबेसची निवड

मोडी दफ्तरांच्या छायाचित्रांकरितां डेटाबेस निवडतांना ‘यांत चित्रें सांठवितां येतात’ एवढ्याच ग्वाहीवर विसंबणें आम्हांस धोक्याचें वाटतें. मायएसक्यूएलच्या ‘ब्लॉब’ रकान्यांत ६५,५३५ बाइटच मावतात. कडक नियम बंद असल्यास पुढील भाग नुसत्या इशाऱ्यानिशीं छाटला जातो. छाटलेलें छायाचित्र म्हणजे फाटलेला कागदच होय. २००६ सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं एसक्यूएल सर्व्हरची चाचणी घेऊन २५६ किलोबाइटांखालील वस्तु डेटाबेसांत, तर १ मेगाबाइटावरील फाइलींत ठेवणें इष्ट ठरविलें. सबब मोठीं छायाचित्रें फाइलींत ठेवून डेटाबेसांत त्यांचा ठावठिकाणा, रुमाल-क्रमांक व पडताळणीचा अंक नोंदवावा. मात्र फाइल हलली कीं नोंद आंधळी होते. म्हणून दोहोंची नक्कल एकाच वेळीं घेण्याची शिस्त नसेल, तर उत्तम सॉफ्टवेअरही व्यर्थ, असें आमचें स्पष्ट मत आहे.