मीठ जळत नाही, पण बॅटरी?

पुण्याच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्याच आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले. या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र सोडियम बॅटरीविषयीच्या लोकप्रिय लिखाणात एक विधान फार सैलपणे केले जाते: ही बॅटरी ‘मिठाची’, म्हणून ती पेट घेत नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला विजेवरची स्कूटर जळाली होती. त्यानंतर असे आश्वासन ऐकायला बरे वाटते. पण खंडाळ्यासारख्या तालुक्यातही आता अशी वाहने घराच्या पडवीत चार्ज होतात. तेव्हा हे विधान वर्गात सांगण्यापूर्वी तपासून घेतले पाहिजे.

बॅटरीत पेटते काय? सोडियमचे आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे जातात ते इलेक्ट्रोलाइटमधून. आजच्या बहुतेक सोडियम-आयन सेलमध्ये, लिथियम सेलप्रमाणेच, हा द्राव सेंद्रिय कार्बोनेटांचा असतो. त्यात सोडियमचा एखादा क्षार विरघळवलेला असतो. यांपैकी डायमिथिल कार्बोनेटची वाफ सुमारे 17 अंश सेल्सिअसलाच ठिणगीने पेटू शकते. रॉकेलला त्यासाठी 35 अंशांहून अधिक तापमान लागते. शॉर्ट सर्किटमुळे सेल तापला, की ऋण इलेक्ट्रोडवरचे संरक्षक पटल मोडते, द्रावाची अभिक्रिया सुरू होते आणि उष्णता आणखी वाढते. ही साखळी थांबवण्याचे सामर्थ्य ‘सोडियम’ या नावात नाही.

सोडियमची खरी जमेची बाजू वेगळी आहे. लिथियम सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याचा पत्रा लागतो आणि सेल अति रिकामा झाला तर तांबे विरघळू लागते. सोडियमची ॲल्युमिनिअमशी संमिश्रे बनत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंना ॲल्युमिनिअम चालते आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून नेता येतो. वाहतुकीत ही मोठीच सोय आहे. पण पडवीत चार्ज होणारा सेल रिकामा नसतो, हे विसरून चालणार नाही.

द्राव बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. टोकियो विद्यापीठातील यामादा यांच्या गटाने 2018 मध्ये ट्रायमिथिल फॉस्फेट हा आग विझवणारा द्रावक वापरला. तो एरवी कार्बन इलेक्ट्रोडशी जुळत नाही, पण क्षार भरपूर विरघळवल्यावर सेल सुमारे हजार वेळा चार्ज झाला. अडचण अशी, की असा द्राव दाट होतो आणि क्षारही महाग पडतो. पाणी वापरावे, तर त्याचे विघटन तत्त्वतः 1.23 व्होल्टलाच सुरू होते, त्यामुळे ऊर्जा कमी साठते. सिरॅमिकसारखा घन इलेक्ट्रोलाइट जळत नाही, पण तेवढ्याने बॅटरी निर्धोक होत नाही. सोडियम-गंधक बॅटरीत इलेक्ट्रोलाइट सिरॅमिकचा असतो, तरीही 2011 मध्ये जपानमध्ये अशा बॅटरीला आग लागली, कारण तिच्यात वितळलेले सोडियम आणि गंधक असते.

म्हणून ‘सुरक्षित बॅटरी’ अशी बातमी आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगावे. इलेक्ट्रोलाइट कोणता? तो कोणत्या तापमानाला पेटतो? खिळा ठोकण्याची आणि तापवण्याची चाचणी पूर्ण चार्ज केलेल्या सेलवर झाली का? या चाचण्या प्रयोगशाळेतच व्हायच्या. शाळेत कोणताही सेल उघडू किंवा तापवू नये.