दूरचित्रवाणी आणि भयाचे जग

हिंसक दृश्ये पाहून माणूस हिंसक होतो काय, या प्रश्नापाशी दूरचित्रवाणीची चर्चा बहुधा सुरू होते आणि तेथेच संपते. जॉर्ज गर्बनर (१९१९–२००५) यांनी हा प्रश्नच बदलला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील या अभ्यासकाने लॅरी ग्रॉस यांच्यासह १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, पडद्यावरील हिंसेचे व्यापक फळ आक्रमकता नसून भय हे होय. दिवसाकाठी चार तास वा अधिक काळ पडदा पाहणारे लोक, दोन तास वा त्याहून कमी पाहणाऱ्यांपेक्षा, जगाला अधिक धोक्याचे मानतात व परक्या माणसावर कमी विश्वास ठेवतात, असे त्यांना आढळले.

साहित्याच्या अभ्यासकाने या विचाराचे मोल विशेष जाणावे, असे आम्हांस वाटते. एखाद्या कार्यक्रमाचे गुणदोष सांगणे हा गर्बनर यांचा हेतू नव्हता. असंख्य कथांतून वारंवार उमटणारा एकच आकृतिबंध ते शोधीत होते: मारतो कोण, मारला जातो कोण आणि कथेत ज्याला स्थानच नाही तो कोण? पुराण ऐकून उठलेल्या श्रोत्यास आपण पुराण ऐकले याचे भान असते. नित्याच्या पडद्यासमोर ते भान ओसरते आणि कथेतील प्रमाण तेच जगातील प्रमाण वाटू लागते.

तथापि या सिद्धांतावरील आक्षेपही वजनदार आहे. अँथनी डूब व ग्लेन मॅक्डोनाल्ड यांनी टोरांटोत केलेली पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. वस्तीतील गुन्ह्यांचे प्रमाण हिशेबात घेताच, पडदा पाहणे व भय यांचा संबंध तीत बहुतांशी नाहीसा झाला. शहरातील गुन्हेगारीच्या वस्तीत तेवढा तो टिकला. मग भय पडद्याने दिले की गल्लीने? ज्याचा अनुभव पडद्याशी जुळतो त्याच्यावरील परिणाम दुणावतो, असे उत्तर गर्बनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दिले. उत्तर मार्मिक आहे. परंतु होकार व नकार दोन्ही पचविणारा सिद्धांत पारखणे कठीण होते, हेही म्हटले पाहिजे.

मायकेल मॉर्गन व जेम्स शॅनहन यांनी १९९७ मध्ये दोन दशकांचे अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा सरासरी सहसंबंध सुमारे ०.०९ एवढाच भरला. तो क्षीण खरा, पण उपेक्षणीय नव्हे. भ्यालेला माणूस कडक बंदोबस्त मागतो आणि त्यापायी स्वातंत्र्यही सहज देऊन टाकतो, ही गर्बनर यांची खरी चिंता होती. म्हणून टीकाकाराने एकेका कथेचा निवाडा करून थांबू नये. कथांच्या साऱ्या राशीतून जगाचे कोणते चित्र उभे राहते, हेही त्याने विचारावे.