चहापाण्याचा हिशेब

‘बॅड जीनियस’ (२०१७) हा थाई सिनेमा परीक्षेतल्या कॉपीबद्दल आहे असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण त्यात पहिला गैरव्यवहार मुलं करत नाहीत, शाळा करते.

लिन ही बँकॉकमधल्या एका शिक्षकाची मुलगी, अतिशय हुशार. श्रीमंतांच्या खासगी शाळेत मुलाखतीला जाते आणि इथे शिकायला घरच्यांना किती खर्च येईल, याचा तोंडी हिशेब मांडते. शाळा खूश होऊन तिला स्कॉलरशिप देते, वर जेवणही फुकट. पुढे तिला कळतं की तरीही शाळेने वडिलांकडून वरचे पैसे घेतलेच आहेत. सबटायटल्समध्ये त्याला ‘टी मनी’ म्हटलंय. आपल्याला ते समजावून सांगायला नको. आपल्याकडे चहापाणी आहेच, आणि शाळा-कॉलेजात त्याच पैशांना डोनेशन म्हणतात. महाराष्ट्रात ते रोखायला १९८७मध्ये कायदा करावा लागला.

लिन मग पैसे घेऊन उत्तरं पुरवू लागते. पियानोवर बोटं फिरवावीत तशी बाकावर फिरवायची. एकेक सूर म्हणजे एकेक पर्याय. शेवटी डाव परदेशी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत जातो. सिडनीत पेपर बँकॉकच्या काही तास आधी सुरू होतो, म्हणून लिन आणि बँक तिथे जाऊन उत्तरं पाठ करतात आणि फोनवरून इकडे पाठवतात. हे अगदीच कल्पनेतलं नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये चीन आणि दक्षिण कोरियातल्या विद्यार्थ्यांचे एसएटीचे निकाल कॉपीच्या संशयावरून रोखून धरले होते.

दिग्दर्शक नट्टावुत पूनपिरिया हे सगळं दरोड्याच्या सिनेमासारखं रंगवतो, पण कोण काय पणाला लावतंय हे विसरू देत नाही. बँकची आई लाँड्री चालवते. पकडला जातो तो बँक. ज्यांच्यासाठी उत्तरं चोरली ती पोरं त्या वेळी बँकॉकमध्ये असतात.

याचाच हिंदी रीमेक म्हणजे सौमेंद्र पाढीचा ‘फर्रे’ (२०२३). इथे शाळा दिल्लीतली बडी इंटरनॅशनल स्कूल आहे, आणि नायिका नियती अनाथाश्रमात वाढलेली. बदल छोटा वाटतो, पण माझी मुख्य तक्रार त्याच्याबद्दलच आहे. अनाथ मुलीला अशा शाळेत प्रवेश मिळाला की ते उपकार वाटतात. डोनेशनचा फास खरा बसतो तो शिक्षकाच्या, क्लार्कच्या घराला. जे कसंबसं पैसे उभे करू शकतात त्यांना. लिनचा बाप गप्प राहून पैसे भरतो आणि मुलीला कळू देत नाही. त्या गप्प बसण्यातून लिनचा राग येतो. बापच काढून टाकल्यावर त्या रागाची जागा दयेने घेतलीय. नियतीबद्दल वाईट वाटतं, पण शाळेला जाब विचारावासा वाटत नाही.

त्यात ‘फर्रे’ हे सलमान खानच्या कंपनीने केलेलं, त्याच्या भाचीचं, अलिझेहचं पदार्पण. ती काम चांगलं करते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ओळख आणि पैसा यांनी दारं कशी उघडतात, यावरचा सिनेमा असा यावा, हे डोळ्यांत खुपतंच.

मूळ सिनेमाही पूर्ण सुटत नाही. शेवटी लिन कबुली द्यायला जाते, वडील तिच्यासोबत असतात. सुंदर प्रसंग आहे. पण शाळेने घेतलेल्या पैशांची कबुली कोणी देत नाही. सगळा पश्चात्ताप एका शाळकरी मुलीच्या वाट्याला येतो.

आपल्यापैकी अनेकजण एसएटी, आयबी अशा परीक्षांतूनच इथवर आलेत. दोन्ही सिनेमे बघा, आधी थाई बघा. आणि जमलं तर घरी विचारा, आपल्या ॲडमिशनला फीशिवाय वर किती द्यावे लागले होते.